पाठीचा पुठ्ठा

"ठाण्याचा माल आला का?"

बाबांनी हे सकाळपासून अकराव्यांदा विचारलं आणि थोरलीच्या हातातली पकड खिळ्यावरून सटकून तिच्याच अंगठ्यावर बसली.

"नाही आला, बाबा. आला की हातगाडी दारातच उभी राहणार आहे, तुमच्या नाकासमोर. मग मला कशाला विचारता?"

"बरं," बाबा म्हणाले आणि पाच मिनिटांनी बाराव्यांदा विचारायला मोकळे झाले.

रविवार होता, पण दुकान बंद ठेवायची सोय नव्हती. सोमवारी सकाळी दहाच्या आत प्रत्येक सरकारी खोलीत नव्या साहेबांची तसबीर लागली पाहिजे, असा हुकूम शुक्रवारी संध्याकाळी निघाला होता. सरकार नवं असलं तरी हुकूम काढायची वेळ जुनीच होती. शाळा, टपाल कचेरी, दवाखाना, पाणी खातं, सगळीकडून फ्रेमा हातगाड्यांवरून येऊन पडत होत्या, दीडशेच्या वर. फक्त पोलीस ठाण्याच्या तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या. जुने साहेब काढायचे, नवे बसवायचे, काच पुसायची, मागे खात्याचं नाव लिहायचं आणि परत पाठवायचं. थोरलीने अख्ख्या घराला कामाला जुंपलं होतं आणि आता पस्तावत होती, कारण घराला एका खोलीत बसवणं हे दीडशे फ्रेमांपेक्षा अवघड काम होतं.

छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात तिने या दुकानात तीन साहेब बसवले होते, त्यांतला एक दोनदा. आधी मिशीवाले. मग चष्मेवाले. मग दीड वर्षाने पुन्हा मिशीवाले, आणि तेव्हाच गावाला बाबांच्या कामाची रीत कळली. बाबा जुनी तसबीर टाकून देत नसत. नवी पुढे, जुनी तिच्या पाठीला. "पाठीला पुठ्ठा लागतोच," ते म्हणत, "आणि साहेब चांगल्या जाड कागदावर छापलेले असतात." मिशीवाले परत आले तेव्हा बाकीचे फ्रेमवाले छापखान्यापुढे रांग लावून उभे होते आणि बाबांनी एका दिवसात गावातले सगळे साहेब नुसते मागचे पुढे करून दिले होते. त्यांच्यानंतर आले हसरे साहेब. ते तसबिरीत गालभर हसत आणि त्यांच्या अकरा वर्षांत बाकी कोणाला हसायची सोय राहिली नाही.

हसऱ्यांच्या दुसऱ्याच वर्षी मधल्याला शाळेतून, फळ्यासमोरून, हातात खडू असताना उचलून नेलं होतं. नऊ वर्षांनी, हसरे पळाल्यावर, दीड महिन्यापूर्वी तो घरी आला. केस अर्धे पांढरे आणि जेवायला बसला की ताट हाताने झाकून घ्यायची सवय. या दीड महिन्यात तो बाबांशी एक अक्षर बोलला नव्हता. आज चारच्या बसने तो राजधानीला निघाला होता. तुरुंगात गेलेल्यांच्या नोंदी करायला नव्या सरकारने एक खातं काढलं होतं, तिथे काम मिळालं होतं. परत कधी येशील, असं थोरलीने काल विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "परत येण्यासारखं इथे काय आहे, ताई?"

बाबा चौऱ्याऐंशीचे होते. आज चारच्या आत या बापलेकांत एक शब्द झाला नाही तर तो कधीच होणार नव्हता, हे थोरलीला कोणी सांगायला नको होतं. घड्याळात बारा वाजून गेले होते.

"ताई, त्यांना सांग," मधला मागच्या दारातून म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत काढलेल्या तसबिरींची चळत होती. "हे सगळे हसरे मी अंगणात टाकतोय. संध्याकाळी पेटवून दे."

बाबा त्याच्यापासून सात-आठ हातांवर स्टुलावर बसले होते.

"त्याला सांग," बाबा म्हणाले, "पाठीला पुठ्ठा लागतो."

"त्यांना सांग, नव्या माणसाच्या पाठीला तो हरामखोर नको."

"त्याला विचार, परत आला तर?"

"परत येणार नाही तो! माणसं मेलीत त्यासाठी, म्हणावं."

"चष्मेवाल्यांच्या वेळीही असंच म्हणत होते, म्हणावं."

"मी काय टपाल खातं आहे?" थोरली ओरडली. "दोघांना कान आहेत, दोघांना तोंडं आहेत. मला आज दीडशे फ्रेमा आहेत आणि अंगठा सुजलाय. काय बोलायचंय ते एकमेकांशी बोला नाहीतर गप्प बसा."

दोघांनी दुसरा पर्याय निवडला. मधल्याने चळत अंगणात नेऊन आपटली आणि बाबांनी थोड्या वेळाने उठून, काठी टेकत जाऊन, तिच्यातल्या दोन वरच्या तसबिरी गुपचूप काखेत मारून आणल्या.

समोरच्या टेबलावर धाकटी नव्या साहेबांच्या कडा कापत होती. नवे साहेब पूर्वी कुठल्याशा कॉलेजात शिकवत असत, म्हणून फोटोत ते जरा वर, खिडकीतून बाहेर बघावं तसं बघत होते. "निदान दात तरी दिसत नाहीत," धाकटी म्हणाली. तिचा नवरा, ज्याला बाबांपाठोपाठ सगळं घर जावईबापूच म्हणायचं, तो पाणी खात्यात होता आणि आज खात्याच्या बारा फ्रेमा स्वतः घेऊन आला होता. काम मात्र फारसं करत नव्हता. शर्टाच्या खिशावर त्याने नव्या पक्षाची फीत टाचली होती. त्याच खिशावर गेली अकरा वर्षं हसऱ्यांचा बिल्ला असायचा. त्याची दोन भोकं फितीच्या खालून अजून दिसत होती.

"मी तर आधीपासून सांगत होतो," जावईबापू फ्रेमेवर हात ठेवून म्हणाले, "हा माणूस टिकत नाही. आमच्या खात्यात विचारा कोणालाही. आणि अर्जावर दुसरी सही माझी होती, हे विसरू नका. बाबांच्या खाली मी."

"तुमची सही केव्हा घेतली मी?" थोरलीने विचारलं. "दुसरी कोणाची होती ते आठवत नाही मला, पण तुम्ही तर तेव्हा आठ दिवस आजारी होतात."

"आजारपणातच केली. उठून बसून."

"अहो, सुतळी कापा," धाकटी म्हणाली.

थोरली खिळे उपसत राहिली. हा अर्ज हेच सगळ्या दुखण्याचं मूळ होतं आणि आता जावईबापू त्याच्यावर बसून मिरवत होते. मधल्याला नेल्यावर महिनाभराने तिने स्वतः दारोदार फिरून त्याच्या सुटकेसाठी सह्या गोळा केल्या होत्या. एकसष्ट. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की निघायची. काही जणांनी दार उघडलं नाही. काही जणांनी दार उघडून सही केली आणि दार लावल्यावर आतून रडल्याचा आवाज आला होता. तेव्हा तिला वाटायचं, एवढी माणसं एकदम म्हणतायत म्हटल्यावर कोणाला तरी लाज वाटेल.

आता तिला त्या वाटण्याचाच राग यायचा. हसरे आले तेव्हा तिनेही रस्त्यात उभं राहून तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या, कारण पिठासाठी रांग राहणार नाही असं ते म्हणाले होते. मग पिठाची रांग तेलापर्यंत गेली आणि तेलाची औषधापर्यंत. आईचं औषध मिळालं ते आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी. एवढं होऊनसुद्धा दोन महिन्यांपूर्वी, हसरे पळाल्याची बातमी आली आणि माणसं ओरडत दुकानावरून गेली तेव्हा, पायरीवर उभ्या असलेल्या थोरलीचे हात टाळीसाठी वर गेलेच. आपल्याच हातांची तिला इतकी चीड आली की ती आत जाऊन उगाच काचा मोजत बसली होती.

दीड वाजता तिने चहा केला आणि दोन पेले घेऊन अंगणात गेली. मधला उलट्या खोक्यावर बसून पकडीने खिळे ओढत होता. हात जुना होता, विसरला नव्हता.

"काचा साचल्यात आत," ती म्हणाली. "जरा पुसून देतोस?"

"बाकी काहीही सांग, ताई. काच पुसणार नाही."

तिला माहीत होतं. तरी विचारलं, कारण विषय कुठून तरी काढायलाच हवा होता.

"चारला जाशील. जायच्या आधी एकदा बोल त्यांच्याशी. शिव्या दे, पण बोल."

"कशाबद्दल?"

"मी शंभर वेळा सांगितलंय. अर्ज होता. पहिली सही बाबांची होती. मी उद्या नेऊन देणार आणि आदल्या रात्री शिंप्याच्या मुलाच्या सुटकेसाठी तसल्याच अर्जावर ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या होत्या ते सगळे उचलले गेले. बाबांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, यावर एकसष्ट घरं आहेत. मी चार महिने बोलले नाही त्यांच्याशी."

"मग कागद कुठे आहे?"

थोरलीने खाली पडलेला एक खिळा उचलून खोक्यावर ठेवला.

"तू लहानपणापासून त्यांच्यावर पांघरूण घालतेस," मधला म्हणाला. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "आता लपवायचं कोणापासून? गावातला प्रत्येक माणूस आज कुठला ना कुठला कागद काढून दाखवतोय. खुद्द जावईबापूंनी दुसरी सही केलीय. आणि ज्यांची पहिली, त्यांच्याकडे कागद नाही. मी काय बघितलं ते तुला माहीत आहे."

तिला माहीत होतं. तुरुंगाच्या जाळीतून त्याने एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा कधी नाही. अटकेनंतर काही महिन्यांनी पुन्हा चौकशीला आणून ठाण्यात मोठ्या साहेबांच्या खोलीत त्याला दोन दिवस उभं केलं होतं, त्या हसऱ्याच्या तसबिरीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि बाबा आत आले. हातात फडकं. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, काच पुसली, उतरले आणि गेले. मधला चार हातांवर होता. त्यांनी वळून बघितलं नाही.

आणि बाबा खरंच जात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, खिशात स्वच्छ फडकं घालून, नऊ वर्षं. कोणी बोलावलेलं नसताना. गावात त्यांना काचपुशा म्हणायचे आणि ते थोरलीच्या कानावर येईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. तिने विचारलं की बाबा म्हणत, "काम आहे." एकदा तिने भांडून फडकं लपवून ठेवलं, तर ते स्वतःचा रुमाल घेऊन गेले. मधल्याला भेटायला ते एकदाच गेले होते, पहिल्या वर्षी. मधल्याने निरोप पाठवला की मला वडील नाहीत. बाबा बाहेरच्या बाकावर तासभर बसून परत आले.

"चहा गार होतोय," ती म्हणाली आणि आत गेली.

बाबा स्टुलावर तसेच बसले होते. समोरच्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत. त्या खिळ्यावर पूर्वी दुकानाची स्वतःची, साहेबांची तसबीर असायची. ती गेल्यावर दुसरी शेजारी लावली गेली, पण त्या खिळ्यावर बाबांनी काही अडकवू दिलं नव्हतं.

"बाबा," ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. "शेवटचं विचारते. अर्जाचा कागद कुठे ठेवलात?"

"जागेवर आहे."

"कुठल्या जागेवर? नऊ वर्षं हेच ऐकतेय. आता सांगायला काय होतं? आता कोणी उचलत नाही."

"आता सांगून काय?" बाबा चिडले. "आता सगळेच सांगतायत. हे जावईबापूही सांगतायत. त्यात मी कशाला?"

"तो चारला चाललाय!"

"माहीत आहे मला. किती वाजले?"

"दोन."

"ठाण्याचा माल आला का?"

थोरली उठली. या घरात कोणाच्या डोक्यावर डोकं आपटावं याचा तिने क्षणभर खरोखर विचार केला. मग पकड उचलून पुढची फ्रेम ओढली. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

ठाण्याचा माल सव्वातीनला आला. सात फ्रेमा, सुतळीने बांधलेल्या, गाडीवाल्याने दारात टेकवल्या आणि हवालदाराची चिठ्ठी दिली, की या आधी करा. मधला तोपर्यंत पिशवी भरून, शर्ट बदलून खाली आला होता. धाकटीने त्याच्या हातात डबा दिला. जावईबापूंनी त्याच्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन करून, राजधानीत आमच्या पाणी खात्याबद्दल चार शब्द टाका, असं सांगितलं.

आणि बाबा उठले. काठी न घेता. सरळ दारात गेले, सुतळीत बोटं घालून फ्रेमा चाळल्या आणि चौथी ओढून काढली. तिचा खालचा एक कोपरा वेगळ्या, काळपट लाकडाचा होता. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून ते परत स्टुलावर येऊन बसले.

"बाबा, इकडे द्या ती," धाकटी म्हणाली. "हात बघा किती थरथरतोय. काच फुटेल."

"नको."

"अहो, सगळ्या एकदम करायच्यात—"

"हिला कोणी हात लावायचा नाही."

मधला उंबऱ्यात थांबला होता. त्याने फ्रेम बघितली. काचेला वरच्या बाजूला, हसऱ्यांच्या कपाळाजवळ, केसाएवढा तडा होता. त्याचा चेहरा उतरला.

"हाच," तो म्हणाला. "याच्यासमोर उभं केलं होतं मला. तो तडा मी दोन दिवस बघत होतो." मग त्याचा आवाज फुटला. "आणि बघा, बघा सगळे! अजून कवटाळून बसलेत त्याला! तो पळाला, त्याची माणसं पळाली, आणि आमचे वडील अजून—"

"पकड दे," बाबा म्हणाले.

ते मधल्याकडे बघून म्हणाले होते. खोलीत कोणाला ते आधी कळलंच नाही.

"माझा हात स्थिर राहत नाही," बाबा म्हणाले. "तू काढ खिळे. हळू काढ. कागद खाली आहे."

मधल्याने थोरलीकडे बघितलं. "ताई, त्यांना सांग, माझी बस आहे."

"खड्ड्यात गेली तुझी बस!" थोरली इतक्या जोरात ओरडली की बाहेर गाडीवाला वळून बघायला लागला. "दीड महिना निरोप पोचवून पोचवून माझ्या जिभेला फोड आले! हा बोलणार नाही, ते सांगणार नाहीत, आणि मी मरायची मधे! ही घे पकड. काढ खिळे. काढ म्हणते ना!"

नऊ वर्षांत कोणी मधल्यावर असं ओरडलं नव्हतं. म्हणजे ठाण्यात ओरडले होते, पण घरचं कोणी नाही. त्याने पिशवी खाली ठेवली. बाबांच्या मांडीवरून फ्रेम घेतली, टेबलावर पालथी घातली. मागे ठाण्याचा शिक्का होता आणि खाली धाकटीच्या तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, मोठ्या साहेबांची खोली.

"ही मी दिली होती," धाकटी हळूच म्हणाली. "ठाण्याचे नवे मोठे साहेब जीप घेऊन आले होते. आत्ताच्या आत्ता पाहिजे म्हणाले. तयार एकही नव्हती. मी भिंतीवरची आपली काढून दिली, त्या खिळ्यावरची. बाबा घरी जेवायला गेले होते. आल्यावर भिंत बघून खालीच बसले. मला वाटलं, न विचारता दिली म्हणून रागावले. त्या दिवसापासून त्यांचा हात..."

तिने हातातली कात्री तशीच उघडी टेबलावर ठेवली.

मधल्याने बारा खिळे काढले. पाठीची फळी उचलली. आधी मिशीवाले निघाले, उलटे. त्यांच्या आणि हसऱ्यांच्या मधे चार घड्यांचा, कडा पिवळ्या पडलेला वहीचा कागद होता. वरती थोरलीचं अक्षर. *आमच्या गावच्या शाळेतील शिक्षकास विनाकारण अटक झाली आहे, तरी त्यास सोडावे.* खाली सह्या. पहिली सही सुतारी पेन्सिलीने, जाड, रेघेबाहेर गेलेली. बाबांची.

मधला वाचत राहिला. एकेक नाव ओठांनी वाचत होता. काही जण आता नव्हते. थोरली त्याच्या खांद्यावरून बघत होती आणि तिला प्रत्येक नावाचं दार आठवत होतं.

"कुठे होता हा कागद?" त्याने कोणाकडेच न बघता विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "तिथे होता."

"दुकानात ठेवला होता मी," बाबा म्हणाले. "भिंतीवर. म्हटलं, या माणसाच्या पाठीमागे कोण हात घालतोय? तर हा उठून ठाण्यातच जाऊन बसला. एकसष्ट घरं. त्या साहेबाच्या डोक्यावर. एखादा खिळा सैल झाला, फ्रेम पडली, काच फुटली, की संपलं सगळं गाव. दर महिन्याला जायचो. म्हणायचो, साहेब, फ्रेम सैल झालीय, दोन दिवस दुकानात न्यायला द्या. ते म्हणायचे, काच पूस आणि जा. मग पुसायचो. पुसताना खिळे चाचपून बघायचो."

"आम्हाला का नाही सांगितलंत?" थोरलीने विचारलं.

"सांगून काय केलं असतंस? तूही घाबरली असतीस. आणि धाकटीने जन्मभर स्वतःला दोष दिला असता. नुसती घाबरणारी माणसं वाढवून काय उपयोग?"

जावईबापू मान वाकडी करून कागद न्याहाळत होते. वरून खाली, मग खालून वर. "माझी सही बहुतेक दुसऱ्या पानावर असेल."

"दुसरं पान नाही," थोरली म्हणाली.

"असं?" त्यांनी वाकून कागदाची मागची बाजू बघितली. मग खिशातलं पेन काढून, अगदी मनापासून, म्हणाले, "मग आता करू का?"

"तुम्ही जरा बाहेर जाऊन उभे राहता का?" धाकटी म्हणाली, आणि जावईबापू गेले.

मधल्याने कागद टेबलावर ठेवला. त्याचे हात टेबलाच्या कडेवर तसेच राहिले. तो बोलला तेव्हा आवाज थोरलीला अनोळखी वाटला, कारण तो त्याच्या लहानपणचा, शाळेत जायच्या वयातला होता.

"मी चार हातांवर उभा होतो. तुम्ही बघितलंही नाहीत माझ्याकडे."

"वळलो असतो तर स्टुलावरून पडलो असतो," बाबा म्हणाले. धाकटीची कात्री टेबलावर उघडी पडली होती, ती त्यांनी उगाच मिटून ठेवली. "काचेत दिसत होतास. म्हणून तर एवढा वेळ पुसत होतो. वाळला होतास. शर्टाचं गळ्याजवळचं बटण नव्हतं. घरी आलो तर तुझ्या आईने विचारलं, दिसला का. म्हटलं, दिसला. बरा आहे."

थोरलीला हे माहीत नव्हतं. आई जाईपर्यंत म्हणत राहिली होती, तो बरा आहे, यांनी बघितलाय, आणि थोरलीला वाटायचं की आईला भ्रम होतो. तिने डोळ्यांना पदर लावला आणि सुजलेला अंगठा डोळ्यात गेल्यामुळे आणखीच वैतागली.

कोपऱ्यावर चारची बस आली. वळताना नेहमीसारखा लांब हॉर्न दिला, थोडी थांबली आणि गेली. पिशवी उंबऱ्यात होती. तिच्याकडे कोणीच बघितलं नाही.

मधल्याने धाकटीच्या पुढ्यातून एक नवे साहेब उचलले. मग टेबलावरचं फडकं ओढून घेतलं आणि फ्रेमेतली तडकलेली काच काढून पुसायला लागला. आधी हसऱ्यांच्या नाकापाशी चिकटलेला डाग, मग कडा, मग सगळी. झाल्यावर त्याने काच दाराच्या उजेडात तिरकी धरली आणि तशीच धरून ठेवली. थोरली उभी होती तिथून तिला काचेत काही दिसत नव्हतं. पण त्याच्या मागे, बरोब्बर रेषेत, बाबा स्टुलावर बसले होते.

"पाठीला काय घालू?" त्याने न वळता विचारलं.

बाबांनी सवयीने थोरलीकडे मान वळवली. "त्याला सांग—"

"तुम्हीच सांगा!" थोरली ओरडली. "तो तुम्हाला विचारतोय, बाबा. तुम्हीच सांगा!"